अलकनंदेचा फोटो मिळाला, पण ती फिरते कशी? (गुरुत्वीय भिंगांबद्दल)

मृगशीर्ष

अलकनंदेच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये एक ठसठशीत सर्पिल दीर्घिका सापडली, तीच अलकनंदा, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. दोन स्वच्छ भुजा, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं व्यास, वर्षाला साधारण ६० सूर्यांइतकी ताऱ्यांची निर्मिती. तेही विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना.

बातमीत जे नव्हतं त्यासाठी हा धागा काढतेय. ती फिरते कशी?

भुजा दिसल्या म्हणजे थाळी (तारे-वायूची चपटी तबकडी) असणार, हा अंदाज बरोबर आहे. पण थाळी शिस्तीत फिरतेय की आतला वायू नुसता खवळलेला आहे, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवलेला प्रकाश, लागतो, तोही दीर्घिकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तुकड्या-तुकड्याने घेतलेला. जी बाजू आपल्याकडे येतेय तिथली वर्णरेषा (ठरावीक अणूची वर्णपटातली खूण) किंचित निळ्याकडे सरकते, जी लांब जातेय तिथली तांबड्याकडे. सेकंदाला २५० किमी म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा बाराशेवा भाग, आणि तरंगलांबीतला फरकही तितकाच. एवढा फरक मोजणं आज कठीण नाही. कठीण आहे ते तुकडे पाडणं. इतक्या अंतरावर एका विकलेत, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागात, सुमारे २३ हजार प्रकाशवर्षं मावतात. अख्खी अलकनंदा एका विकलेहून थोडी मोठी!

इथे गुरुत्वीय भिंग कामाला येतं. मध्ये एखादी जड दीर्घिका किंवा दीर्घिकांचा समूह आडवा आला की मागून येणारा प्रकाश त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वळतो, आणि मागची दीर्घिका ताणलेली, वाकलेली, कधी दोनदा-चारदा, कधी पूर्ण कड्यासारखी दिसते. झ्विकी यांनी १९३७ मध्येच सांगितलं होतं की दीर्घिका अशी भिंगं होऊ शकतील. पहिलं भिंग प्रत्यक्ष सापडायला १९७९ उजाडलं (वॉल्श, कार्सवेल आणि वायमन यांचा 'जुळा क्वेसार'; क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा).

मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते हे: भिंग दीर्घिकेचा आकार बिघडवतं, पण तिच्या वेगाला हात लावत नाही. प्रकाश भिंगाच्या गुरुत्वाकर्षणात उतरताना जेवढी ऊर्जा कमावतो तेवढीच बाहेर पडताना गमावतो, त्यामुळे तरंगलांबीचा हिशेब शून्यावर येतो. शिवाय तांबडा असो की निळा, वळण सारखंच. म्हणजे कड्यातल्या कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, तिथला डॉपलरचा, म्हणजे रेषेच्या सरकण्यावरून निघालेल्या वेगाचा, आकडा अस्सल आहे. तो ठिपका मूळ दीर्घिकेत कुठे होता, एवढंच शोधायचं उरतं.

गाजलेलं उदाहरण एसपीटी०४१८-४७ चं. ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला त्याचं माप; जास्त म्हणजे जुना काळ), ४.२२५. अलकनंदेची अंदाजे ४.०५, म्हणजे काळ जवळपास एकच. मधली दीर्घिका इतकी नेमकी आड आलीय की मागचीचं जवळजवळ पूर्ण कडं झालंय आणि प्रकाश तीसेक पटींनी वाढलाय. २०२० मध्ये फ्रान्चेस्का रिझ्झो आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या आल्मा दुर्बीणसंचाने त्या कड्यातली आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनची रेषा मोजली. निघताना तिची तरंगलांबी १५८ मायक्रॉन होती, आपल्याकडे पोचेपर्यंत ताणून ८२५ च्या आसपास झाली. 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा, की फिरण्याचा वेग आणि वायूच्या अस्ताव्यस्त हालचालीचा वेग यांचं गुणोत्तर ९.७ आहे. इतक्या लहान वयाच्या विश्वात वायू खवळलेला असणार आणि हे गुणोत्तर खूप कमी निघणार, असं बहुतेक संगणकी प्रारूपं सांगत होती.

म्हणजे एकीच्या भुजा दिसल्या पण गती माहीत नाही, दुसरीची गती कळली पण भुजा दिसल्या नाहीत. चर्चा करू या.

पिठलं_भाकरी

वाचतोय. जाड बुडाच्या काचेच्या ग्लासातून पेपर वाचला की अक्षरं गोल होतात, तसंच ना हे? मग त्या गोल अक्षरांवरून मूळ बातमी कशी वाचतात तेवढं सांगा, बाकी समजलं.

शंकासुर

मृगशीर्ष, लेख छान आहे पण मधला महत्त्वाचा भाग तुम्ही पटकन उरकलात. "कुठे होता एवढंच शोधायचं उरतं" म्हणे! तेच तर सगळं आहे. भिंगातलं वस्तुमान कसं पसरलंय ते तुम्हाला माहीत नाही, मागची दीर्घिका मूळची कशी आहे तेही माहीत नाही. दोन अज्ञात, एक कडं. यातून हवी ती थाळी काढता येईल की. ज्याला थाळी बघायची आहे त्याला थाळी दिसणार.

अनुस्वार

शंकासुर, प्रश्न योग्य आहे. मी नेदरलँड्समध्ये भिंगांच्या प्रारूपांवरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कडं एक नसतं. आल्माच्या निरीक्षणात प्रत्येक वेगासाठी वेगळी प्रतिमा मिळते. आपल्याकडे येणारी बाजू जेवढ्या तरंगलांबीवर चमकते तेवढाच तुकडा एका प्रतिमेत, पुढच्या प्रतिमेत थोडा सरकलेला तुकडा, असं करत लांब जाणाऱ्या बाजूपर्यंत. प्रत्येक वेगाला कड्याचा वेगळा भाग उजळतो. पण भिंग सगळ्या प्रतिमांत तेच! त्यामुळे वस्तुमानाची एकच मांडणी या सगळ्या प्रतिमा एकाच वेळी समजावून देऊ शकली पाहिजे. मनाजोगती थाळी काढायला गेलात तर एका वेगाची प्रतिमा जुळते आणि दुसऱ्याची बिघडते. म्हणजे गती मोजण्यासाठी भिंग वापरतो हे खरं, पण गतीमुळे भिंगही पक्कं होतं.

दुसरं म्हणजे एकाच ठिकाणाहून निघालेला प्रकाश कड्यावर दोन किंवा चार जागी पोचतो. त्या सगळ्या जागी वेग एकच आला पाहिजे. नाही आला तर प्रारूप केराच्या टोपलीत.

तिसरी गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही. "तीसपट मोठी" म्हणजे सगळ्या दिशांना सारखी मोठी नव्हे. कंसासारख्या प्रतिमेत ताण बहुतेक कंसाच्या लांबीच्या दिशेने असतो, आडव्या दिशेने फारसा नाही. त्यामुळे दीर्घिकेच्या एका दिशेचे बारकावे दिसतात आणि दुसरीचे पुसटच राहतात. तो ताण योगायोगाने फिरण्याच्या अक्षाला काटकोनात आला तर वेगाचा आलेख झकास मिळतो, अक्षाच्या दिशेने आला तर हातात फारसं काही लागत नाही. हे आपल्या हातात नाही.

पिठलं_भाकरी, ग्लासाची उपमा शास्त्रज्ञही वापरतात. फक्त काचेच्या भिंगासारखी नाभी, म्हणजे सगळे किरण एकत्र येतात तो बिंदू, शोधू नका, गुरुत्वीय भिंगाला ती नसते. प्रकाश जितका जवळून जाईल तितका जास्त वळतो, त्यामुळे सगळे किरण एका बिंदूत येतच नाहीत.

शंकासुर

बरं, पटलं बऱ्यापैकी. मग चूक नेमकी कुठे शिरते ते सांगा. सगळं इतकं छान असूच शकत नाही.

अनुस्वार

शिरते ती आकारात. भिंगावर वस्तुमानाचा एक सपाट थर वाढवला आणि बाकीचं त्या प्रमाणात कमी केलं तर प्रतिमा तीच राहते, पण मागच्या दीर्घिकेचा आकार बदलतो. वेगाला काही होत नाही. मात्र वस्तुमान काढताना वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या असतं, म्हणून त्रिज्येतली चूक जशीच्या तशी वस्तुमानात उतरते. समजा वेग २५० किमी आणि त्रिज्या ३ किलोपार्सेक (सुमारे १० हजार प्रकाशवर्षं), तर आतलं वस्तुमान साधारण ४४ अब्ज सूर्यांइतकं. त्रिज्या दहा टक्के चुकली तर हेही दहा टक्के चुकलं.

आणखी एक फसवी जागा आहे. दीर्घिकेचे सगळे भाग सारखे वाढत नाहीत. समजा येणारी बाजू जास्त विवर्धनाच्या (भिंगाने मोठं-तेजस्वी करण्याच्या) पट्ट्यात पडली आणि जाणारी बाहेर. मग तुकडे न पाडता घेतलेला एकूण वर्णपट एकीकडे कललेला दिसतो आणि एखादा घाईत म्हणतो, दोन दीर्घिका धडकतायत.

आभाळवेडी

या विषयाचा इतिहास बघण्यासारखा आहे. २००८ मध्ये डॅनियल स्टार्क आणि मंडळींनी हवाईच्या केक दुर्बिणीने 'कॉस्मिक आय' नावाची भिंगातली दीर्घिका मोजली, ताम्रसृती ३.०७. भिंगामुळे सुमारे १०० पार्सेकपर्यंतचे बारकावे मिळाले, म्हणजे सव्वातीनशे प्रकाशवर्षं. तिथे फिरणं दिसलं, पण गुणोत्तर एकच्या जरा वर. फिरतेय आणि खवळलेलीही आहे. मग २०१७ मध्ये तियानतियान युआन यांची ए१६८९बी११, आबेल १६८९ समूहामागची सर्पिल दीर्घिका, ११ अब्ज वर्षांपूर्वीची. तीत फिरण्याचा वेग २०० आणि अस्ताव्यस्त वेग अवघा २३ किमी. म्हणजे रिझ्झोंच्या आधीच संशय यायला लागला होता की खवळलेपण सार्वत्रिक नाही.

भिंग नसताना नेमकं काय बिघडतं तेही लिहायला हवं होतं. दुर्बिणीचा एक ठिपका जर अर्धी दीर्घिका व्यापत असेल, तर येणारा आणि जाणारा वायू त्याच ठिपक्यात मिसळतो, रेषा रुंद दिसते आणि आपण समजतो वायू खवळलाय. खरं तर ते फिरणंच असतं. भिंगाचा मोठा फायदा हा आहे.

मृगशीर्ष

आभाळवेडी, बरोबर, हे मूळ लेखात हवं होतं. वेळेचाही फायदा आहे. तीसपट अंधूक वस्तू तितक्याच स्पष्टपणे मोजायची तर ढोबळ हिशेबाने तीसचा वर्ग, म्हणजे ९०० पट वेळ लागतो. आल्मावर वेळ मिळवण्यासाठी जी मारामारी असते ती बघता भिंग म्हणजे लॉटरीच.

जुना_मास्तर

या धाग्यावर एक आठवण नोंदवणे भाग आहे. 'भिंग आणि गती' हा विषय आपल्याकडे नवा नाही. १९७९ साली, म्हणजे पहिले गुरुत्वीय भिंग सापडले त्याच वर्षी, मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधील शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी एक निबंध लिहिला होता. त्या काळी ३सी २७३ सारख्या क्वेसारांमधील रेडिओ गोळे एकमेकांपासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दूर जाताना दिसत होते. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला बाधा न आणता हे कसे शक्य आहे? चित्रे-नारळीकरांची सूचना अशी की मध्ये एखादे वस्तुमान भिंगासारखे उभे असेल, तर गोळ्यांमधील कोनीय अंतर फुगून दिसेल आणि त्याबरोबर वेगही फुगेल.

आज मान्य झालेले स्पष्टीकरण वेगळे आहे. ते झोत जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने आणि जवळजवळ आपल्याच दिशेने येत असतात, त्यामुळे भास होतो. मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्येच दाखवले होते. तरीही चित्रे-नारळीकरांच्या निबंधातला भिंगाचा मुद्दा गणिताने चोख आहे. डॉ. चित्रे २०२१ मध्ये गेले, नारळीकर सर मे २०२५ मध्ये. म्हणून आवर्जून लिहिले.

मृगशीर्ष

मास्तर, मनापासून धन्यवाद. यामुळे माझं वाक्य नेमकं होतं. आपल्या दिशेने येण्या-जाण्याचा वेग वर्णपटातून कळतो, त्याला भिंग हात लावत नाही. आकाशात आडवं सरकणं मात्र जागा बघून मोजतात, आणि जागा तर भिंग बदलतंच. तो वेग फुगणारच.

पिठलं_भाकरी

आणि भिंगच सरकत असेल तर? समोरची दीर्घिका काय खिळ्याने ठोकलीय?

अनुस्वार

लाख मोलाचा प्रश्न. दूरच्या दीर्घिकेचं आडवं सरकणं थेट दिसणं जवळपास अशक्य, पण ती भिंग असेल तर मार्ग आहे. 'आइन्स्टाइन क्रॉस' घ्या, क्यू२२३७+०३०५. मागे क्वेसार, पुढे तुलनेने जवळची दीर्घिका, ताम्रसृती फक्त ०.०३९. क्वेसारच्या चार प्रतिमा त्या दीर्घिकेच्या गाभ्याभोवती आहेत. दीर्घिकेतले एकेक तारेही छोटी भिंगं असतात. दीर्घिका सरकली की हे तारे प्रतिमांसमोरून जातात आणि चारही प्रतिमा आपापल्या तालात उजळतात-मंदावतात. किती भराभर, त्यावरून आडव्या वेगाचा अंदाज. १९९९ मध्ये वाइद, वेबस्टर आणि टर्नर यांनी या चढउतारांवरून मर्यादा घातली, की तो वेग सेकंदाला सुमारे ५०० किमीच्या वर नसावा. नेमका आकडा नव्हे, मर्यादा. पण वर्णपटाने ज्या दिशेची गती कळूच शकत नाही तिच्याबद्दल काहीतरी बोलता आलं.

दीर्घिकासमूहांसाठीही अशी कल्पना आहे. सरकणाऱ्या समूहामुळे विश्वाच्या पार्श्वप्रारणात (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडून येणाऱ्या प्रारणात) एका बाजूला किंचित उष्ण, दुसऱ्या बाजूला किंचित थंड असा ठसा उमटायला हवा. बर्किन्शॉ आणि गल यांनी १९८३ मध्ये मांडली. परिणाम फारच बारीक आहे. (मृगशीर्ष, "हिशेब शून्यावर येतो" हे तुमचं वाक्य स्थिर भिंगाचं. सरकत्या भिंगात शून्यावर येत नाही, म्हणूनच हा ठसा. वर्णरेषेवर मात्र याचा फरक इतका नगण्य की रिझ्झोंच्या आकड्यांना धक्का नाही.)

खोडदकर

आमच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लॉगिन केलं. जानेवारी २०२३ मध्ये बातमी होती, लांबच्या दीर्घिकेतून हायड्रोजनचा सिग्नल मिळाला म्हणून. त्यातपण भिंगच होतं ना? आमच्याकडे डिश रोज दिसतात पण बघायचं काय ते कळत नाही.

आभाळवेडी

हो खोडदकर, भिंगच. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांचं काम, कॅनडाचं मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळूरची आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था) इथलं. एसडीएसएस जे०८२६+५६३० ही दीर्घिका, ताम्रसृती सुमारे १.२९. साध्या हायड्रोजन अणूची रेषा २१ सेंटिमीटरची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झ. ताणून ती सुमारे ६२० वर येते, जीएमआरटीच्या एका पट्ट्यात अगदी चपखल. ही रेषा इतकी क्षीण असते की एकेका दीर्घिकेत ती फार दूरवर मिळतच नाही. इथे भिंगाने तिला तीसेक पट वाढवलं, म्हणून जमलं. त्यांच्या मोजणीनुसार तिथल्या अणुरूप वायूचं वस्तुमान ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या जवळजवळ दुप्पट भरतं.

थाळीचा नकाशा मात्र यातून मिळत नाही, एवढे बारीक तुकडे या सिग्नलचे पडत नाहीत. रेषेची रुंदी मिळते, बस.

शंकासुर

एक शेवटची खोडी. एसपीटी०४१८ धूळभरली, वर्षाला शेकडो सूर्य जन्माला घालणारी दीर्घिका. ती काही त्या काळची सामान्य नागरिक नव्हे. आणि आयनित कार्बन थंड वायूत जास्त दिसतो, आयनित हायड्रोजनने मोजलं तर तीच थाळी जास्त खवळलेली निघेल. एका भिंगावरून विश्वाचा इतिहास लिहू नका.

अनुस्वार

दोन्ही मान्य. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्याच गटाने भिंगातल्या पाच दीर्घिका मोजल्या, गुणोत्तर पुन्हा दहाच्या आसपास. पण त्याही धूळभरल्याच, त्यामुळे तुमचा आक्षेप तिथेही लागू. शिवाय २०२३ मध्ये वेबच्या निरीक्षणांतून एसपीटी०४१८ ला एक लहान जोडीदार दीर्घिका असल्याचं दिसलं. शेजारी एवढी जवळ असूनही थाळी इतकी शांत कशी, यावर काम चालू आहे.

मृगशीर्षच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. अलकनंदा आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे असली तरी तिचं विवर्धन फक्त दुपटीचं. भिंगाची मदत आहे, पण एसपीटी०४१८ सारखी चैन नाही. तिची ताम्रसृतीही वेगवेगळ्या फिल्टरांतल्या तेजावरून काढलेली आहे, वर्णरेषेवरून नाही. म्हणजे आधी रेषा, मग वेग. वेबचा तुकडे पाडणारा वर्णपटमापक किंवा आल्मा, दोन्हीपैकी काहीही चालेल. गंमत अशी की भुजा सगळ्यात सुंदर दिसतात त्या थाळी समोरून दिसते तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच फिरण्याचा वेग आपल्या दिशेने जवळजवळ नसतो. कल ३० अंश असेल तर निम्मा वेग दिसतो, १० अंश असेल तर सहावा हिस्सा. मग कलाच्या मापातली चूक थेट वेगात. सुंदर फोटोची ही किंमत.

पिठलं_भाकरी

आम्हा सामान्यांना भिंगं शोधायला मिळतात का हो? की पीएचडी लागते?

मृगशीर्ष

अजिबात लागत नाही. 'स्पेस वॉर्प्स' नावाचा प्रकल्प आहे, त्याच्या प्रमुखांपैकी एक अनुप्रीता मोरे, ज्या नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आल्या. पहिल्या फेरीत सुमारे ३७ हजार लोकांनी ४ लाख ३० हजार प्रतिमा चाळल्या आणि २९ नवी संभाव्य भिंगं मिळाली. संगणकाच्या नजरेतून ती सुटली होती. २०१४ च्या जानेवारीत बीबीसीच्या कार्यक्रमातून आवाहन झालं तेव्हा प्रेक्षकांना एक तांबडं कडं सापडलं, ९आयओ९ म्हणतात त्याला. पुढे आल्माने त्यात फिरणारा वायू दाखवला, आणि २०२३ मध्ये तर धुळीच्या ध्रुवीकरणावरून तिथलं चुंबकीय क्षेत्रही मोजलं.

पिठलं_भाकरी

मग बघताना ओळखायचं कसं? मला तर सगळेच ठिपके वाकडे दिसतात.

आभाळवेडी

रंग बघा. मध्ये पिवळसर-तांबूस, गुळगुळीत दीर्घिका आणि तिच्याभोवती वेगळ्या रंगाचा, बहुतेक वेळा निळसर कंस. कंसाची पोकळ बाजू मधल्या दीर्घिकेकडे हवी. समोरासमोर दोन तुकडे असतील तर दोघांचा रंग तंतोतंत सारखा हवा, कारण ते एकाच दीर्घिकेचे आहेत. सर्पिल भुजा मधल्या गाभ्याला जाऊन मिळतात, भिंगातला कंस कधीच मिळत नाही. सुरुवातीला प्रत्येक सर्पिल दीर्घिका भिंग वाटते, चालायचंच. प्रकल्पात मुद्दाम खोटी भिंगंही पेरलेली असतात, ती ओळखलीत की लगेच सांगतात.